कथा मोडू नये

पंचाक्षरी अप्पांच्या वर्गात पहिलं वरीसभर तोंड उघडायचं न्हाई, असा नेम व्हता. उघडायचं ते फक्त हुंकारापुरतं. अप्पा मठाच्या ओसरीवर गादीवर बसून कथा सांगायचे आन् आमी पोरांनी 'हूं' म्हणायचं. तुमाला वाटंल, त्यात काय शिकायचं? माझ्या बापालाबी तसंच वाटलं व्हतं. "हूं म्हणायला पोरगी मठात कशाला धाडायची? आमची म्हैसबी हूं म्हणती," असं तो म्हणला. खरं हाय, म्हणती. पण म्हैस कुठंबी म्हणती. आमाला कुठं म्हणायचं आन् कुठं गप ऱ्हायचं ते शिकायचं व्हतं.

गाव आमचं तेरणेच्या काठाला, माकणीपासनं चालत जाण्याजोगं. मुलूख मोगलाईतला, म्हंजे राज निजामाचं. सरकारी शाळा उर्दूतली, तीबी लांबच्या गावात. पोरीला तिकडं कोण धाडतंय? म्हणून अप्पांनी मठात दुपारचा वर्ग काढला. लिहिणं त्यांनाबी बेताचंच येत व्हतं. कथा मात्र सगळ्या तोंडपाठ. "अक्षर न्हाई तर न्हाई, लेकरांना नीट बोलता तरी येऊ द्या," असं ते घरोघर सांगत फिरले. जंगम माणूस, म्हंजे आमा लिंगायतांचा गुरू, भिक्षंला सगळ्यांच्या दारात जायचे, त्यामुळं न्हाई कोण म्हणणार?

दिसायला अप्पा वाळक्या शेवग्याच्या शेंगंसारखे. उंच, काळे, पाठीत जरा वाकलेले. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. राग आला की कानडीत एक सणसणीत शिवी हाणायचे, आन् लगेच कानाला हात लावून "शिवा शिवा" म्हणायचे. आमी पोरं त्या शिवीसाठी मुद्दाम चुकायचो. कथेत रडायची जागा आली की रोज त्याच जागी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमी एकमेकाला ढोसायचो, आला बघ, पाऊस आला बघ. असले बेशरम व्हतो आमी.

त्यांची बायको पार्वतम्मा. आमी तिला अव्वा म्हणायचो, कानडीत आईला म्हणतात तसं. तिची आधीची लेकरं जगली नव्हती. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं श्रावणातले सगळे सोमवार निर्जळी बसून बेलाची कथा ऐकली, अप्पांच्याच तोंडून, आन् उतारवयात बसप्पा झाला. अप्पा उघड म्हणायचे, "ह्यो पोरगा मला बायकोनं न्हाई दिला, कथेनं दिलाय." अव्वा तिकडनं ओरडायची, "व्हय, आन् कळा कथेनंच सोसल्या!" सगळे हसायचे. पण अप्पा थट्टंत बोलत नव्हते. त्यांचा तसा विश्वासच व्हता, आन् पुढचं सगळं त्याच्यातनंच झालं, म्हणून हे आधी सांगते.

आता ती बेलाची कथा. आमच्या मठाची ती मुख्य कथा, दुसरीकडं कुठं असंल-नसंल ठाऊक न्हाई.

सत्तेव्वा नावाची एक रांडमुंड बाई. तिला एकच लेकरू. दर सोमवारी ती महादेवाला बेल वाहायची, आन् शेवटचं पान वाहीपातूर आसनावरनं उठायचं न्हाई, असा तिचा नेम. एका सोमवारी लेकरानं बेल आणून दिला आन् पाय धुवायला ओढ्यावर गेलं. वर डोंगरात पाऊस झालेला, ओढ्याला लोंढा आला. लेकरानं हाक मारली, "आई गं, हात दे!" सत्तेव्वानं ऐकली. हातात बेल, ओंजळ अजून भरलेली. ती उठली न्हाई. पुन्हा हाक आली. ती उठली न्हाई. मग हाक बंद झाली. तिनं एकेक पान वाहिलं, शेवटचं पान वाहिलं, मग उठून दारात आली आन् हाक मारली, "बाळाऽ!" तर ओढ्याकडनं "ओऽ" आलं. लेकरू ओल्या केसानं चालत येतंय आन् त्याचा हात धरून एक म्हातारा जंगम. तो म्हंजे साक्षात महादेव. तो म्हणला, बाई, तू माझं पान टाकलं न्हाईस, म्या तुझं लेकरू टाकलं न्हाई.

ही कथा श्रावणात सगळ्या गावाला सांगायची तर तिची रीत व्हती. माणसं आत आली की मठाच्या दाराला आतनं अडसर घालायचा. अडसर म्हंजे बाभळीचं चांगलं मांडीएवढं लाकूड. तो घातला की कथा सरेपातूर कुणी उठायचं न्हाई, आन् सांगणाऱ्यानं तर गादी सोडायचीच न्हाई. कथा मधीच मोडली तर ज्याचं गेलंय त्याचं गेलेलंच ऱ्हातं, असं मानायचे. लेकरू ओढ्यात असताना कथा थांबली तर ते ओढ्यातच ऱ्हाणार न्हवं? सत्तेव्वासारखंच अप्पाबी सांगता सांगता एकेक पान वाहायचे. शेवटी ते स्वतः उठायचे, अडसर काढून दार उघडायचे आन् "बाळाऽ" म्हणून हाक मारायचे. वर्गातलं एक पोरगं बाहेर उभं केलेलं असायचं. "आई गं, हात दे" ही हाकबी तेच मारायचं आन् शेवटी "ओऽ" म्हणत पळत आत यायचं. बायका त्याच्यावर बेल-फुलं उधळायच्या. ती जागा आली की मोठमोठे बाप्ये धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे.

आधी किती वर्षं ते बाहेरचं पोरगं बसप्पाच असायचा. त्याला मिसरूड फुटलं तवा ते काम मुनवरकडं आलं. मुनवर नबीलाल पिंजाऱ्याचा. कुणीतरी कुरकूर केली की आपल्या कथेत त्यांचं पोरगं कसं? अप्पा म्हणले, "आवाज बघ की त्याचा. तुझ्या पोराला उभं केलं तर लेकरू बुडतंय का बोकड वरडतंय ते कळायचं न्हाई." विषय तिथंच संपला.

मला हुंकाराचं काम. माझा हुंकार चांगला, असं अप्पा म्हणायचे. सांगणाऱ्याच्या समोर बसायचं, त्याच्या तोंडाकडं बघायचं, आन् वाक्य खाली ठेवलं की 'हूं' म्हणून उचलायचं. हुंकार आल्याबिगर पुढचं वाक्य सांगायचं न्हाई, हीबी रीतच.

आन् एक दिवस, मी असंल दहा-अकरा वर्षांची, वर्गात ती कथा चालली असताना, 'ती उठली न्हाई' म्हणून अप्पांनी वाक्य खाली ठेवलं, आन् म्या हूं न म्हणता इचारलं, "अप्पा, ती का उठली न्हाई?"

पोरं खिदळली. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्यातीच व्हती. अप्पा म्हणले, "उठली असती तर कथा कुठली झाली असती?"

"पण लेकरू वाचलं असतं की."

"वाचलंच. देवानं परत दिलं न्हवं?"

"आन् दिलं नसतं तर?"

मला वाटलं, आता शिवी येणार. आली न्हाई. लांब कुठंतरी बघत अप्पा म्हणले, "न देणाऱ्या देवाची कथा कुणी सांगत न्हाई, शांते."

माझं समाधान झालं न्हाई. म्या म्हणलं, मग लेकरू ओरडतंय आन् आई पानं मोजत बसलीय, असली आई मला नको, आन् असलं बघत बसणारा देव तर नकोच. तवा मात्र शिवी आली, तीबी अशी की "शिवा शिवा" म्हणायचं त्यांचं भान सुटलं. मला खांबाकडं तोंड करून बसवलं. हुंकाराचं काम दिवाळीपातूर बंडप्पाला दिलं. बंडप्पा म्हंजे गावातलं एक म्हातारं, झोप लागत नव्हती म्हणून वर्गात येऊन बसायचं आन् तिथं झोपायचं.

घरी जाताना मुनवर म्हणला, "तू उगं वाद घालतीस. आमच्यातबी बाप सुरी धरतो आन् शेवटाला बकरं येतं."

"आन् बकरं आलं न्हाई तर?"

"मग ईद कशी व्हणार?" म्हणला, आन् माझ्याकडं येड्यागत बघितलं. त्याच्या बापाचा सगळा कापूस जणू त्याच्याच डोक्यात भरलाय, असं म्या त्याला सुनावलं. तो हसला. त्याला राग यायचाच न्हाई.

तर असा तो वर्ग. मी मोठी व्हत गेले तशी देवावर माझी श्रद्धा पातळ व्हत गेली, पण अप्पांवरची न्हाई. हे कसं, ते मला सांगता येत न्हाई. त्यांच्यासारखं सांगणारा माणूस म्या पुन्हा बघितला न्हाई.

मग ते शेवटचं साल आलं. मोगलाई ऱ्हाणार का जाणार, ह्याच्यावरनं सगळीकडं आग लागलेली. सरहद्दीच्या पलीकडं, इंग्रजांनी सोडलेल्या मुलखात, निजामाशी लढणाऱ्या पोरांचे कँप पडले व्हते. बसप्पा एक दिवस भाकरी बांधून घेऊन गेला तो तिकडंच. नाक्याच्या चौकीवर कुणी दगड मारले, कुणी सरकारला दारूचा पैका देणारी शिंदीची झाडं तोडली, त्यात त्याचं नाव आलं. इकडं निजामाच्या बाजूनं बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या, घरं धुंडाळायच्या. मी कुणाचं नाव घेत न्हाई. त्यातले कितीतरी पुढं कुणाचे सासरे झाले, कुणाचे आजे झाले. अप्पांच्या घरात दोनदा येऊन त्यांनी उतरंडी फोडल्या. अव्वाला इचारलं, पोरगा कुठाय? ती म्हणली, मला ठाऊक असतं तर मी हितं बसले असते व्हय?

पोरगा जिता ऱ्हावा, एवढंच दोघांचं मागणं. अव्वा रोज रडायची. अप्पा रडत नव्हते. "कथेनं दिलाय, कथा सांभाळंल," म्हणायचे. श्रावण आला तसा त्यांनी सोमवारची कथा लावली. लोक म्हणले, "अप्पा, दिवस वाईट हायेत, ह्या वर्साला ऱ्हाऊ द्या." ते म्हणले, "वाईट दिवसांत सांगायची न्हाई तर कवा सांगायची?"

त्या सोमवारी दुपारी पाऊस नव्हता, नुसता कुंद. मठ गच्च भरलेला. येवढी माणसं आधी कवा आली नव्हती. भ्यालेली माणसं देवाकडं जास्ती येतात. बाप्ये एका अंगाला, बाया एका अंगाला, अव्वा बायांच्यात पुढं. मी अप्पांच्या समोर, हुंकाराला. अडसर घातला. मुनवर कुठं दिसला न्हाई, पण तो बाहेरच असणार, नेहमीसारखा. तो आलाच नव्हता, हे आमाला नंतर कळलं. जमिलाबीनं, त्याच्या आईनं, त्याला आदल्या दिवशीच बजावलं व्हतं की आता हिकडं-तिकडं व्हायचं न्हाई. ह्यांच्यात गेलास तर ते मारतील, त्यांच्यात गेलास तर हे. तिचंबी काय चुकलं?

अप्पा सांगत व्हते. आवाज असा लागलेला की काय सांगू. लेकरानं बेल आणून दिला. हूं. ओढ्यावर गेलं. हूं. डोंगरात पाऊस पडला. हूं. आन् हाक यायच्या जरा आधीच बाहेरनं हाक आली. भिंती जाड, दार जाड, शब्द काही कळले न्हाईत, नुसती हाक. पोरं हसली, मुनवऱ्याला घाई झालीया.

माझं तोंड अप्पांकडं व्हतं. म्हणून म्या बघितलं. त्यांचा बेल धरलेला हात तसाच वर ऱ्हायला.

मग दारावर मूठ बसली आन् सरळ ऐकू आलं, "अव्वाऽ! दार उघड! अव्वाऽ!"

सगळ्यांना कळलं. कळलं न्हाई असं जो म्हणंल तो खोटं बोलतो. तो बसप्पा व्हता. पळत आला व्हता, आन् पळतंय म्हंजे कुणीतरी मागं व्हतं.

अव्वा उठली. लोकहो, आई उठली. सत्तेव्वा न्हाई उठली, ही उठली. बायांना तुडवत दाराकडं निघाली. तवा अप्पांचा हात वर झाला आन् ते म्हणले, "बसा. कथा मोडू नये."

शिकवलेलं अंगात कसं मुरतं बघा. दोन बायांनी अव्वाचा पदर धरला, एकीनं कंबर धरली. "अव्वा, मोडू नका, लेकरू ओढ्यात हाय, मोडू नका," असं त्या रडत रडत म्हणत व्हत्या. त्यांना अव्वाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना खरंच वाटत व्हतं की उठलं की लेकरू जातं. पुरुषांच्यात दोघं-तिघं चुळबुळले आन् पुन्हा बसले. पोराचा सख्खा बाप बसलाय, आपण कसं उठायचं? आन् काहींच्या पोटात भ्याव व्हतं की दार उघडलं तर त्याच्यामागं बंदुका आत येतील. त्यांना ही कथा बरी सापडली.

अप्पांनी आवाज चढवला. "सत्तेव्वानं हाक ऐकली. ती उठली न्हाई." वाक्य खाली ठेवलं आन् माझ्याकडं बघितलं.

माझ्या तोंडातनं हुंकार निघंना. आधी म्या काही ठरवलं नव्हतं, नुसताच निघंना, आन् मग म्या निघूच दिला न्हाई. ओठ मिटून बसले. म्या मनात म्हणलं, आता कथा अडली. आता ह्यांना उठावंच लागंल. अप्पा माझ्याकडं बघत व्हते. बाहेर मूठ दारावर पडत व्हती. अव्वाच्या तोंडावर कुणाचातरी हात व्हता.

"हूं," बंडप्पा म्हणला. झोपेतनं उठल्यासारखा, नेहमीच्या सवयीनं. त्या म्हाताऱ्याला काय बोलावं?

आन् कथा पुढं गेली.

पुन्हा एकदा हाक आली, मग बंद झाली. कथेत बंद व्हती तशीच. अप्पांनी एकेक पान वाहिलं. घाई केली न्हाई, एकबी पान गाळलं न्हाई. घाम कपाळावरनं डोळ्यांत उतरत व्हता, तोबी पुसला न्हाई. शेवटचं पान वाहून उठले. अडसर काढायला त्यांना जड गेला, तरी कुणाला हात लावू दिला न्हाई. दार उघडलं. बाहेर उजेड व्हता आन् पायरीवर बसप्पाची एक वहाण व्हती.

अप्पा दारात उभे ऱ्हायले आन् त्यांनी हाक मारली. बाळा न्हाई म्हणले. "बसप्पाऽ!"

आमी सगळे 'ओ' ची वाट बघत व्हतो. मीसुदिक. ज्या देवाला म्या नको म्हणलं व्हतं, त्याला म्या त्या वेळेला हात जोडले. एवढ्या बारीला दे, म्हणलं. एवढ्या बारीला खरं व्हऊ दे.

देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात. बसप्पा मठाच्या बेलाच्या झाडाखाली सापडला, गावच्या ओढ्याच्या अलीकडं. ओढा कोरडा व्हता. कुऱ्हाडीनं मारला व्हता, म्हणून आवाजबी झाला नव्हता. अव्वा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आन् त्याला सांगत व्हती, "म्या उठले व्हते रे. म्या उठले व्हते." दुसरं काही बोलली न्हाई. आमच्यात मयताला बसवून मातीआड करतात. अप्पांनी त्याला बसवलं, हातात त्याचं लिंग ठेवलं, वरनं बेल वाहिला. सगळं रीतीनं केलं. रडले न्हाईत. मला त्यांचा असा राग आला व्हता की तोंडावर थुंकावं वाटलं, आन् त्यांचं तोंड बघून पोटातनं रडूबी आलं.

पुढच्या सोमवारी मठ रिकामा. कुणीच आलं न्हाई. लाज म्हणा, भ्याव म्हणा. मी पाणी आणायला त्या अंगानं चालले व्हते, तर आतनं अप्पांचा आवाज. ते कथा सांगत व्हते. एक वाक्य सांगायचे, थांबायचे, मग स्वतःच 'हूं' म्हणायचे. मी घागर ठेवून पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं आतनं अडसर निघाला. दार उघडून त्यांनी हाक मारली, "बसप्पाऽ!" समोर मी.

"तू व्हय," म्हणले. आन् माझ्याशेजारी पायरीवर बसले. असे ते कवा बसत नव्हते.

म्या इचारलं, "अप्पा, तुमी आवाज वळखला व्हता न्हवं?"

"पयल्या हाकंलाच."

"मग?"

"मला वाटलं, परीक्षा हाय." त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. "शांते, जलमभर हीच कथा सांगितली. उठलं की लेकरू जातं, बसलं की परत मिळतं. मला पाठ व्हती न्हवं कथा. म्या म्हणलं, हीच ती येळ. हितं चुकलो तर पोरगा गेला. पाय उठत व्हते माझे, तेंला मी धरून बसलो." मग म्हणले, "तू इचारलं व्हतंस. दिलं न्हाई तर, म्हणून."

"व्हय."

"तुला खांबाकडं तोंड करून बसवायला नको व्हतं."

मला जिंकल्यासारखं वाटलं न्हाई. मला वाटलं, माझा प्रश्न खोटा ठरला असता तर किती बरं झालं असतं. म्या म्हणलं, "आता कशाला सांगता अप्पा ती कथा? सोडा की."

तर ते म्हणले, "मधीच सोडली तर तो ओढ्यातच ऱ्हाईल." डोळ्यांत काहीच नव्हतं त्यांच्या. नेहमीचं पाणीसुदिक न्हाई. म्या घागर उचलली आन् घरी आले.

श्रावण सरला, भादवा आला, आन् भादव्यात फौजा आल्या. निजामाचं राज गेलं. अजून थोडे दिवस बसप्पा कँपातच ऱ्हायला असता तर झेंड्याखाली उभा असता, असं जो तो म्हणायचा. गावात गूळ वाटला. आन् मग वारं उलटं फिरलं. ज्यांनी कुऱ्हाड चालवली ते कवाच पळाले व्हते, सापडले ते पिंजाऱ्यासारखे गरीब. कुणीतरी उठवलं की त्या सोमवारी मुनवर आला नव्हता, म्हंजे त्याला आधीच ठाऊक व्हतं, त्यानंच सांगितलं असणार. जिभेला हाड नसतं, पण एवढं नसावं? मी घसा कोरडा करून भांडले. दार आपण उघडलं न्हाई, आन् नाव त्याचं घेता? मला आईनं घरात कोंडलं.

अप्पा मात्र काठी टेकत नबीलालच्या दारात जाऊन बसले. "आधी मला मारा," म्हणले. त्यांच्यामुळं माणसं वाचली. घर वाचलं न्हाई, ते नंतर जळालं. नबीलाल बायको-पोरगा घेऊन बैलगाडीनं निघून गेला, कुठं ते कुणी सांगितलं न्हाई. मुनवर गेल्यावर ती हाक मारणारं कुणी उरलं न्हाई, आन् वर्गाचंबी कुणी नाव काढलं न्हाई. गावात मराठी शाळा आली, मास्तर आला, फळा आला. पोरं तिकडं जायला लागली.

अप्पा पुढच्या श्रावणाआधीच गेले. आजार असा काही नव्हता. खायचे न्हाईत, एवढंच. मठाच्या मागं बसप्पाच्या शेजारी त्यांना बसवलं. अव्वानं रीतीचा एक थेंब डोळ्यांतनं काढला न्हाई. बाया कुजबुजल्या. मला मात्र त्यात नवल वाटलं न्हाई. तिच्या गळ्यात लिंग तेवढं ऱ्हायलं व्हतं, पण पूजा तिनं त्या सोमवारपासनंच सोडली व्हती.

माझं लग्न ठरलं. निघायच्या आधी एक दिवस मी अंगणात जवारी पाखडत बसले व्हते, तर अव्वा आली. समोर भुईवर बसली. म्या म्हणलं, "अव्वा, च्या ठेवू?" ती न्हाई म्हणली.

"तुला कथा येती न्हवं?" म्हणली. "आता त्या वर्गातलं कोण ऱ्हायलंय? तुलाच येती."

"येती की."

"मग सांग मला. पण आई उठती अशी सांग."

म्या सूप खाली ठेवलं. न्हाई कसं म्हणू? म्या सुरुवात केली. सत्तेव्वा नावाची एक बाई व्हती. तिला एकच लेकरू व्हतं. अव्वा 'हूं' म्हणली. किती चांगला हुंकार व्हता तिचा, इतक्या वर्सांत आमाला कळलं नव्हतं. लेकरू ओढ्यावर गेलं. हूं. लोंढा आला. हूं. लेकरानं हाक मारली, आई गं, हात दे.

"हूं."

"सत्तेव्वा उठली," म्या म्हणलं. "हातातला बेल खाली टाकला आन् उठली."

"हूं." अव्वा जरा पुढं सरकली.

"कुणी पदर धरला न्हाई. ती दारापाशी गेली."

"हूं."

"तिनं अडसर काढला. दार उघडलं."

"हूं," अव्वा म्हणली, आन् माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी पुढचं वाक्य शोधत व्हते. अप्पांनी मला सगळी कथा शिकवली व्हती, शेवटच्या पानापातूर, महादेवाच्या बोलापातूर. दार वेळंवर उघडल्यावर काय व्हतं, तेवढं कुणी शिकवलं नव्हतं. तो आत येतो का? त्याच्या मागनं ते येतात? लेकरू काय म्हणतं? मला काहीच येईना.

"हूं," अव्वा पुन्हा म्हणली. "मग? पुढं?"